आडनाव सिक्लिड

माणसाला साडू असावा, पण तो परगावी असावा, असं माझं आता पक्कं मत झालं आहे. आमचे साडू दोन चौक सोडून राहतात आणि त्यांच्या दिवाणखान्यात पाणबाग आहे. पाणबाग हा शब्दही त्यांचाच. तुम्ही-आम्ही जिला माशांची टाकी म्हणतो, तिच्यात गवत उगवलं आणि मालकाच्या घरी मऊ सोफा असला की तिची पाणबाग होते. त्या दिवशी आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. टाकीत मखमलीसारखी हिरवळ होती, तांबूस पानांची झुडपं होती, आणि निवृत्त माणसं जेवणानंतर शतपावली घालतात तसे इवले इवले मासे त्यांच्यामधून फिरत होते. सगळे बघत राहिले. साडू कोणाकडेही न बघता म्हणाले, "याला हात लागतो. सगळ्यांना जमतं असं नाही."

'सगळ्यांना' म्हणताना त्यांनी माझ्या ताटात वाढलं.

आम्ही परत आलो. दाराचं कुलूप उघडताना बायको म्हणाली, "भावोजींच्या घरी गेलं की कसं शांत वाटतं." लग्नाला बरीच वर्षं झालेल्या माणसाला या वाक्याचा उरलेला अर्धा भाग सांगावा लागत नाही.

इथे मला माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण दुसरं कोणी सांगत नाही. मी बँकेत सह्या पडताळण्याच्या टेबलावर बसतो. खोटी सही मला वासानं कळते. माणूस सही करताना घाईत होता, आजारी होता की शेजारी बायको उभी होती, हे मी एका वळणावरून सांगतो. ज्याच्या नजरेतून माणसं सुटत नाहीत त्याला मासे काय जड, असं मनाशी म्हणून मी टाकी घेतली.

टाकी जिन्यातून वर येत असताना सेक्रेटरींचं दार उघडलं. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी नेमके आमच्या खालच्या घरात राहतात. निवृत्तीपूर्वी ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या तराजूंवर संशय घेतला. आता तराजू गेले, संशय राहिला.

"काय आहे हे?"

"टाकी. रिकामीच आहे," मी म्हणालो.

"रिकामी म्हणून आणलीत, की रिकामी ठेवायला आणलीत?"

ते आमच्या मागोमाग वर आले. खिशातून टेप काढून त्यांनी टाकीची लांबी, रुंदी, उंची मोजली, छताकडे बघत ओठ हलवले, आणि म्हणाले, "भरल्यावर हिचं वजन तुम्ही, वहिनी आणि तुमचे साडू एकमेकांच्या खांद्यावर उभे राहिल्याइतकं होईल."

"साडू कशाला?"

"तिसरा कोणीतरी लागतो म्हणून सांगितलं. आणि जिथे तुम्ही ती ठेवताय, त्याच्या बरोबर खाली माझं डोकं असतं. उशीसकट."

मग टाकी कुठे ठेवायची यावर चर्चा झाली. शेवटी ती जाड भिंतीला लागून, म्हणजे जिथे टीव्ही होता तिथे आली. टीव्ही झोपायच्या खोलीत गेला. कपाट टीव्हीला जागा द्यायला पॅसेजमध्ये आलं, आणि त्यामुळे न्हाणीघराचं दार अर्धंच उघडायला लागलं. बायको बारीक आहे. मला आत जाताना श्वास सोडून आणि बाहेर येताना पोट धरून जावं लागतं. पाणबागेच्या मार्गावरचं हे माझं पहिलं बलिदान. त्याची कोणी नोंद घेतलेली नाही.

जाता जाता सेक्रेटरींनी दारातून सांगितलं, "पाळीव प्राण्यांचा नियम माहीत आहे ना? जात कळवायची, पूर्ण वाढ झाल्यावर केवढा होतो ते कळवायचं, आणि हिंस्र आहे की नाही ते कळवायचं."

"अहो, मासे आहेत."

"मगर पाळणारासुद्धा पिल्लूच आणतो."

मी हसलो. सेक्रेटरी हसले नाहीत. ते हसत नाहीत, फक्त कोणी हसलं तर त्याच्याकडे बघतात.

वनस्पती साडूंनीच दिल्या. दिल्या म्हणजे त्यांच्या पाणबागेची छाटणी झाली, तिचा कचरा त्यांनी ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवला, सोबत निरोप, की 'जगल्या तर जगल्या.' पण मी ईर्षेला पेटलो होतो. बारीक रेती धुतली, तिचा उतार केला, चिमट्यानं एकेक रोप लावलं. बायकोनं चिमटा ओळखला आणि पुढे तो घेऊन गेली, तेव्हापासून बोटांनी लावलं. खरं सांगतो, रोपं जगली. नुसती जगली नाहीत, फोफावली. काही आठवडे आमच्या घरात एक हिरवीगार, निर्मनुष्य पाणबाग नांदत होती, आणि मी कामावरून आल्यावर तिच्यासमोर चहा घेत बसत होतो. त्याच वेळी थांबलो असतो तर ही गोष्ट सांगायची पाळी आली नसती. पण पाहुणे येत आणि विचारत, "मासे मेले वाटतं?"

म्हणून मी माशांच्या दुकानात गेलो. दुकानदार हा गोड माणूस. त्याच्याइतकं सतत होकारार्थी बोलणारं माणूस मी पाहिलेलं नाही. एका कोपऱ्यातल्या टाकीत करड्या अंगाचे, अंगावर काळसर पट्टे असलेले, बोटाच्या पेराएवढे मासे होते. त्यातला एक काचेपाशी येऊन माझ्याकडे रोखून बघत होता. आमच्या बँकेतसुद्धा इतकं लक्ष देऊन माझ्याकडे कोणी बघत नाही. मी विरघळलो.

"हे कोणते?"

"सिक्लिड."

"सिक्लिड हे आडनाव झालं," मी म्हणालो. मी वाचून गेलो होतो. सिक्लिड हे शेकडो जातींचं अवाढव्य कुटुंब आहे. त्यात देवमाणसं आहेत आणि दरोडेखोरही आहेत. "नाव काय?"

"साहेब, आमच्याकडे आडनावानंच चालतं."

"शांत आहेत का?"

"एकदम शांत."

"रोपांना त्रास?"

"रोपांवर तर जीव आहे त्यांचा."

हे शेवटचं वाक्य अक्षरशः खरं होतं, हे मला नंतर कळलं. मी पाच मासे घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीवर हिरवा तवंग दिसला. चष्मा लावल्यावर कळलं, की तो तवंग नसून माझी बाग आहे. सगळी रोपं मुळांसकट पाण्यावर तरंगत होती आणि खाली पाच मासे मोकळ्या मैदानाची पाहणी करत होते. मला वाटलं, माझं लावणं कच्चं राहिलं असेल. पुन्हा लावली. संध्याकाळी परत आलो, पुन्हा वर. या वेळी मी टाकीसमोर खुर्ची टाकून बसलो. तोच तो, मला रोखून बघणारा, रोपापाशी गेला, बुंध्याला तोंड लावून मुंडकं झटकलं आणि रोप उपटलं. मग तोंडात रेती भरून कोपऱ्यात नेऊन थुंकली. परत आला, पुन्हा भरली, पुन्हा नेली. मध्येच दुसरा मासा जवळ आला, तर त्याला हाकलून कामाला लावल्यासारखं केलं.

"हा मुकादम आहे," बायको माझ्या खांद्यावरून बघत म्हणाली. नाव पक्कं झालं.

मग मी युद्धाला उभा राहिलो. रोपं दोऱ्यानं दगडांना बांधली, मुकादमानं दोरे ओढले. बायकोच्या केसांच्या पिनांनी मुळं रेतीत खोचली. रोपं वर आली, पिना खाली राहिल्या, आणि बायकोला लग्नकार्याला जाताना पिना सापडल्या नाहीत. रेतीवर मोठे खडे पसरले, ते त्यानं सरकवून त्यांचा कट्टा केला. माझ्या आखणीपेक्षा त्याचा कट्टा जास्त सरळ होता, हे मी कोणाला बोललो नाही.

इकडे सेक्रेटरींचा तगादा सुरू झाला. जिन्यात भेटले की 'जात?' एवढंच विचारत. कोणी ऐकलं असतं तर गैरसमज झाला असता. शेवटी मी ठरवलं, की हा मासा ओळखायचाच. पट्टे बघायचे, पुस्तकातल्या चित्राशी ताडून बघायचे, झालं. सह्यांचं काम याहून वेगळं काय असतं?

पहिली अडचण अशी, की मुकादमाचे पट्टे एका जागी राहत नव्हते. मी काचेजवळ गेलो की ठळक व्हायचे. दिवा लावला की फिके. मासा घाबरला की पट्टे गायब आणि मधोमध एक ठिपका. खायला टाकलं की पुन्हा पट्टे, पण आधीपेक्षा वेगळे. तासातासाला सही बदलणारा खातेदार माझ्या उभ्या नोकरीत मला भेटलेला नाही. असल्या माणसाचं खातं आम्ही गोठवलं असतं.

मग मासेप्रेमींच्या एका ग्रुपवर फोटो टाकला. हे ग्रुप फार मायाळू असतात. एका अनोळखी गृहस्थांनी लगेच सांगितलं, की हा मध्य अमेरिकेतला आहे. दुसऱ्यांनी सांगितलं, की आफ्रिकेतल्या तळ्यातला आहे, याला कडक पाणी लागतं, टाकीत शिंपले टाका. टाकले. तिसऱ्यांनी सांगितलं, की शिंपले काढा, याला मऊ पाणी लागतं, वाळलेली पानं टाका. टाकली, तर पाणी कोऱ्या चहासारखं झालं आणि मासेच दिसेनासे झाले. चौथे म्हणाले, हा संकर आहे, याला जातच नाही. त्यावर पाचव्यांनी चौथ्यांच्या शिक्षणाबद्दल विचारलं, आणि मग त्या दोघांत जे सुरू झालं त्यात माझा फोटो कोणाला आठवला नाही.

याचा परिणाम माझ्या कामावर झाला. एके दिवशी एका कागदावर आमच्या मॅनेजरसाहेबांचीच सही माझ्यापुढे आली. मला ती पटेना. शेवटचा फराटा नेहमीपेक्षा जाड होता. मी कागद घेऊन त्यांच्या केबिनमध्ये गेलो.

"साहेब, ही सही तुमची आहे का?"

"माझ्यासमोर शिपायानं नेली तुमच्याकडे."

"मग तुम्ही रागात होता का? रागात पट्टे जाड होतात."

साहेबांनी चष्मा काढला. "कसले पट्टे?"

मला दोन दिवस विश्रांती घ्यायला सांगण्यात आलं. रजा माझ्याच खात्यातून गेली.

त्या विश्रांतीत मला ग्रुपवरचा आणखी एक सल्ला आठवला. पट्ट्यांवर विसंबू नका, पोटाखालच्या मागच्या पराचे काटे मोजा, काटे खोटं बोलत नाहीत. पोहणाऱ्या माशाचे काटे मोजता येत नाहीत, म्हणून मासा बाहेर काढणं भाग होतं. जाळी मुकादमाला ओळखू येत होती. मी स्वयंपाकघरातली चहाची मोठी गाळणी घेतली. बायको आंघोळीला गेली होती, आणि बारीक असली तरी कपाटामुळे तिला चटकन बाहेर येणं शक्य नव्हतं. योजना उत्तम होती.

मुकादम गाळणीत आलाही. मी एका हातानं भिंग डोळ्यापाशी नेलं. त्याला एकदा नीट बघितलं. त्यानं मला बघितलं आणि उडी मारली. तो माझ्या चष्म्यावर आपटला, तिथून सोफ्यावर, सोफ्यावरून जमिनीवर. मी त्याच्यामागे वाकलो तेव्हा माझं कोपर फिल्टरच्या नळीला लागलं, नळी टाकीबाहेर आली, आणि तिनं पाण्याची सरळ धार विजेच्या बोर्डावर सोडली. ठप्प असा आवाज झाला आणि वीज जाऊन सगळं बंद पडलं. आमच्याच घरात नव्हे, इमारतीच्या आमच्या अख्ख्या बाजूत. मी मुकादमाला ओंजळीत धरून टाकीत टाकलं. तो आधी उलटा झाला, मग सुलटा, आणि मग कोपऱ्यात जाऊन रेती उपसू लागला. त्याच्या बाजूनं प्रकरण मिटलं होतं.

माझ्या बाजूनं नव्हतं. दोन मजल्यांमध्ये अडकलेल्या लिफ्टमधून सेक्रेटरींचा आवाज येत होता. ते ओरडत नव्हते. ते लिफ्टमध्ये लिहिलेली वजनाची मर्यादा मोठ्यानं वाचत होते, म्हणजे दोष आपल्या वजनाचा नाही हे सर्वांना कळावं. त्यांना स्टुलावरून बाहेर काढलं तेव्हा मी पुढे होऊन हात दिला. माझी बाही कोपरापर्यंत ओली होती आणि खिशातून गाळणीचा दांडा डोकावत होता.

"जात कळली?" त्यांनी विचारलं.

काटे मोजायचे राहिले होते.

एवढ्यात साडूंचा फोन आला, की येत्या रविवारी ते, बायकोची ताई आणि सासूबाई आमची पाणबाग बघायला येत आहेत. 'आमच्या रोपांनी काय बाळसं धरलंय ते बघू.' आमच्या टाकीत तेव्हा रेतीचे डोंगर, खड्ड्यांची रांग आणि खड्यांचा कट्टा एवढंच शिल्लक होतं. हिरवं असं एक पान नव्हतं. कोणत्याही स्वाभिमानी माणसानं जे केलं असतं ते मी केलं. प्लास्टिकची रोपं आणली. चांगली होती. ती मी जड दगडांना चिकटवून रोवली, दिवा जरा मंद केला, आणि खुर्च्या टाकीपासून लांब मांडल्या.

साडू आले आणि खुर्ची ओढून टाकीला नाक लावून बसले.

"छान हिरवं आहे," सासूबाई म्हणाल्या.

"हो ना," साडू म्हणाले. "एकही पान पिवळं नाही. एकही पान कुरतडलेलं नाही." मग आणखी वाकून म्हणाले, "पानाच्या मध्ये जोडाची रेघ दिसते."

कोणी काही बोलायच्या आत मुकादम आला. त्यानं त्यातल्या सगळ्यात देखण्या झुडपाला तोंड घातलं आणि मुंडकं झटकलं. झुडूप दगडापासून सुटलं आणि भोवऱ्यासारखं फिरत वर येऊन तरंगलं. त्याच्या बुडाशी किमतीचा गोल कागद अजून चिकटलेला होता.

"मासा प्रामाणिक आहे," साडू म्हणाले.

सासूबाईंनी पाण्याचा ग्लास मागितला. ताईंनी खिडकीबाहेर बघून हवेविषयी काही म्हटलं. आमचं घराणं सुसंस्कृत आहे. अपमान झाला की सगळे हवेविषयी बोलतात.

मी म्हणालो, "या जातीत रोपं टिकतच नाहीत."

"कोणती जात?"

"तेच तर कळत नाही."

साडूंनी मासा पुरता बघितलाही नाही. "त्यात न कळण्यासारखं काय आहे? बुटके सिक्लिड. पाणबागेतली सगळ्यात शांत जात. रोपांना कधी तोंड लावत नाहीत. मला विचाराल तर दोष माशाचा नाही. मालकाच्या मनात जी अस्वस्थता असते ना, ती पाण्यात उतरते."

"बघा," बायको माझ्याकडे वळून म्हणाली. म्हणजे तिला मालकाची अस्वस्थता आधीपासून माहीत होती, फक्त ती पाण्यात उतरते हे नवीन होतं.

त्यानंतर मी रोपं लावायचं सोडलं. आणि मी हात काढून घेतल्यावर टाकीत जे व्हायचं ते झालं. मुकादमानं एका माशिणीशी संसार थाटला. सपाट दगड घासूनपुसून लख्ख केला, आणि एके सकाळी त्या दगडावर धुरकट ढग हलताना दिसला. जवळून पाहिलं तर ती पिल्लं होती. टाचणीच्या टोकाएवढी, अगणित. आईबाप दोन्ही बाजूंनी पहारा देत होते. उरलेले तीन मासे फिल्टरच्या मागे एकमेकांना चिकटून उभे होते. पिल्लू भरकटलं की मुकादम त्याला तोंडात उचलायचा, कळपाजवळ आणून अलगद सोडायचा. जे तोंड माझी बाग उपटत होतं तेच हे, यावर विश्वास बसेना. बायको टीव्ही सोडून टाकीपुढे बसायला लागली. मीही बसायचो. आम्ही दोघं बऱ्याच वर्षांनी एकाच दिशेला बघत होतो.

ते सुख सेक्रेटरींना जिन्यातच कळलं असावं. ते वर आले.

"पाच कळवले होते तुम्ही."

"बाळंतपण झालं."

"किती?"

"तुम्हीच मोजा."

हे बोलायला नको होतं. निवृत्त निरीक्षकाला मोजायला बोलावू नये. ते खुर्ची घेऊन बसले, मोजायला लागले, चुकले, पुन्हा मोजायला लागले. पिल्लं हलू नयेत म्हणून त्यांनी वरून पाण्यात बोट घालून एक भाग वेगळा करायचा प्रयत्न केला. मी 'नको' म्हणेपर्यंत मुकादमानं बोट धरलं होतं. जखम फार नव्हती, पण सेक्रेटरींनी बोट उभं धरून ते खाली नेलं, आणि संध्याकाळी सोसायटीच्या फळ्यावर विशेष सभेची सूचना लागली.

सभा वाहनतळात भरली. विषय एकच, मासा हिंस्र आहे काय. सेक्रेटरींनी पट्टी बांधलेलं बोट सर्वांना दाखवलं. तिसऱ्या मजल्यावरच्या वकिलांनी हरकत घेतली, की हिंसेला हेतू लागतो.

"हेतू होता," सेक्रेटरी म्हणाले. "त्यानं आधी माझ्याकडे बघितलं."

"बोट त्याच्या घरात होतं," वकील म्हणाले. "हा स्वसंरक्षणाचा प्रकार आहे."

एका काकूंनी विचारलं, मासे नळातून खाली येऊ शकतात का. त्यांना नाही म्हणून सांगितल्यावर त्यांनी, मग मागच्या आठवड्यात आमच्या नळातून काय आलं, असं विचारलं, आणि सभा पाण्याच्या टाकीच्या सफाईकडे वळली. तिथे सेक्रेटरींवरच शेकणार असं दिसताच त्यांनी विषय घाईनं मूळ जागी आणला. ठराव झाला. मोठे मासे राहू द्यावेत, बाकीची प्रजा मालकानं हलवावी. जात या जागी सेक्रेटरींनी आपल्या हातानं 'इतर' असं लिहिलं. इतक्या दिवसांच्या माझ्या संशोधनाचं फलित ते एवढं.

पिल्लं हलवायची कुठे? दुकानदाराला फोन केला. "नक्की घेतो साहेब," तो म्हणाला, आणि त्यानंतर त्याचा फोन लागला नाही. ग्रुपवर फुकट देतो म्हणून टाकलं. कोणाचं उत्तर आलं नाही. मासा कोणता यावर आठवडाभर भांडणारी माणसं मासा घ्यायची वेळ आली तेव्हा एकजुटीनं गप्प होती. तोवर पिल्लं वाढत होती, त्यांना पट्टे फुटले होते, आणि एके दिवशी मी पाहिलं, की त्यातली दोन-चार तोंडात रेतीचा एकेक कण धरून कोपऱ्यात नेत आहेत. घराण्याचा धंदा पुढच्या पिढीनं उचलला होता.

तेव्हा मला ती कल्पना सुचली. तिला कोणी दुष्ट म्हणेल. मी फक्त एका जाणकाराच्या शब्दाचा मान राखला.

पुढच्या रविवारी आम्ही साडूंकडे गेलो. सासूबाई होत्या, ताई होत्या, शेजारचंही एक कुटुंब पाणबाग बघायला आलं होतं. मी झाकणाची बादली हळूच त्यांच्या टाकीपाशी ठेवली.

"तुमच्यासाठी आणलीत," मी म्हणालो. "बुटके सिक्लिड. सगळ्यात शांत जात, रोपांना तोंड लावत नाहीत. तुम्हीच ओळखलेत, नाहीतर मला कुठलं कळायला. आमच्याकडे अस्वस्थता फार, इथे खुलतील."

साडूंनी बादलीत डोकावलं. बराच वेळ डोकावलं. सगळे बघत होते. मी आयुष्यात प्रथमच त्यांच्या अंगावरचे पट्टे फिके होताना पाहिले.

"इतके सगळे?" ते म्हणाले.

"तुमच्या टाकीला काय कमी जागा आहे?"

"आवडेल त्यांना इथे," सासूबाई म्हणाल्या. "किती गोड आहेत."

शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "खरंच शांत असतात का हो?"

आता साडूंपुढे दोनच वाटा होत्या. नाही म्हणावं तर ओळख चुकली, हो म्हणावं तर बादली आली. "एकदम शांत," ते म्हणाले, आणि स्वतःच्या हातानं बादली टाकीत रिकामी केली.

घरी येताना बायको म्हणाली, "आज तुम्ही मनाचा मोठेपणा दाखवलात. एवढी वाढवलेली पिल्लं देऊन टाकलीत." मी नम्रपणे खाली बघितलं. त्या दिवशी जेवणही नीट गेलं.

पुढचे काही महिने साडूंकडून जेवायचं आमंत्रण आलं नाही. बायकोनं फोन केला की ताई म्हणायच्या, घरात रंगकाम सुरू आहे. मग म्हणायच्या, यांना जरा बरं नाही. एकदा म्हणाल्या, हे टाकीत हात घालून बसलेत, नंतर करतील फोन. मी प्रत्येक वेळी काळजीनं विचारत होतो, पाणबाग कशी आहे. पलीकडून ताई हवेविषयी बोलायच्या. मला त्या काळात चांगली झोप लागत होती. ऑफिसात साहेब म्हणाले, तब्येत सुधारलेली दिसते.

आणि मग परवा बायको फोन हातात धरून माझ्यापुढे येऊन उभी राहिली. साडूंनी घरच्या ग्रुपवर फोटो टाकला होता. त्यांची भलीमोठी टाकी. तिच्यात हिरवं असं एक पान नव्हतं. रेतीचे डोंगर, खड्ड्यांची रांग, खड्यांचा कट्टा, आणि मधून पट्ट्यापट्ट्यांचे मासे. वर प्रकाशझोत सोडलेला. खाली साडूंनी लिहिलं होतं, 'पाणबागा आता जुन्या झाल्या. ही शिलारचना. यात मासा स्वतः आपलं घर घडवतो, मालकानं फक्त संयम ठेवायचा असतो. सगळ्यांना जमतं असं नाही.'

खाली सासूबाईंचा हात जोडलेला नमस्कार होता. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं होतं, आमच्याकडे असं करून द्याल का. साडूंनी त्यांना, येत्या रविवारी बघू, असं उत्तर दिलं होतं.

मी फोन बायकोच्या हातात परत दिला. माझ्या मागे, भिंतीला लागून, आमची टाकी होती. तिच्यात रेतीचे डोंगर होते, खड्ड्यांची रांग होती, आणि मुकादम तोंडात खडा घेऊन कट्ट्याकडे निघाला होता.

बायकोनं फोटो पुन्हा मोठा करून बघितला. मग मान वर करून आमच्या टाकीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"बघा," ती म्हणाली, "भावोजींसारखं असं काहीतरी करा ना."